कार्यक्रम मूल्यमापन : माहिती-विश्लेषणाच्या नियोजनाचा इतिहास

एखादा विकास-कार्यक्रम ज्यांच्यासाठी आखला, त्यांच्या स्थितीत त्यामुळे नेमका कोणता व किती फरक पडला, हे पद्धतशीरपणे ठरविण्याच्या क्रियेस कार्यक्रम मूल्यमापन म्हणतात. कार्यक्रमावरील देखरेखीहून ते भिन्न आहे. किती विहिरी खणल्या, किती कर्जे वाटली, किती मुलांना लस टोचली, हा देखरेखीचा विषय होय. विहिरीमुळे शेतकऱ्याचे उत्पन्न वाढले काय, कर्जामुळे कुटुंब दारिद्र्यातून बाहेर आले काय, लशीमुळे रोग टळला काय, हा मूल्यमापनाचा. पहिल्या प्रकारचे प्रश्न कार्यालयातील नोंदवह्या पाहून सुटतात. दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नांचे उत्तर देताना, कार्यक्रम झालाच नसता तर काय घडले असते, याचाही अंदाज बांधावा लागतो. आणि जे घडलेच नाही, त्याची नोंद कोणत्याही वहीत असत नाही. तो अंदाज कशाच्या आधारे बांधावयाचा, हे माहिती गोळा करण्यापूर्वीच ठरवावे लागते. या पूर्वनिश्चयास विश्लेषण-आराखडा असे म्हणता येईल.

विश्लेषण-आराखड्यात साधारणतः पुढील गोष्टी निश्चित केल्या जातात : मूल्यमापनाने कोणत्या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे, त्यासाठी कोणती राशी मोजावयाची व तिची व्याख्या काय, तुलना कोणाशी करावयाची (त्याच कुटुंबांच्या पूर्वस्थितीशी, की कार्यक्रमाबाहेरील कुटुंबांशी, की दोहोंशी), अपेक्षित फरक दिसून येण्यास किती मोठा नमुना लागेल, आणि जी कुटुंबे गाव सोडून गेली वा ज्यांनी उत्तरे दिली नाहीत, त्यांचा हिशेब कसा धरावयाचा. पाहणीच्या कामात मुरलेले सांख्यिक प्रश्नावली छापण्याआधी अंतिम अहवालातील कोष्टके कोरी आखून घेतात. कोष्टकाची शीर्षके लिहू लागताच प्रश्नावलीत कोणता प्रश्न राहून गेला आहे आणि कोणता निष्कारण घातला आहे, हे ध्यानात येते. कोष्टके कोरी असतानाच त्यांविषयी एकमत होण्याचा संभव अधिक. आकडे भरल्यानंतर ज्याला त्याला आपल्या सोयीचे कोष्टक महत्त्वाचे वाटू लागते.

पूर्वपीठिका : या विचाराचा उगम शेतीप्रयोगांत आहे. इंग्‍लंडमधील रॉथॅमस्टेड येथील कृषिसंशोधन केंद्रात १९१९ पासून काम करणारे सांख्यिक रॉनल्ड फिशर (१८९०–१९६२) यांना तेथे अनेक वर्षांच्या पीकनोंदी तपासाव्या लागल्या. खताचा परिणाम आणि जमिनीच्या कसातील मूळचा फरक हे दोन्ही त्या नोंदींत एकमेकांत मिसळलेले होते, व मागाहून केलेल्या कोणत्याही आकडेमोडीने ते पूर्णपणे वेगळे करता येत नव्हते. कोणत्या वाफ्याला कोणते खत द्यावयाचे हे चिठ्ठ्या टाकून, म्हणजे यादृच्छिक रीतीने, ठरवावे व विश्लेषणाची रीत प्रयोगाच्या रचनेतच अंतर्भूत असावी, हे तत्त्व त्यांनी १९३५ च्या आपल्या प्रयोग-अभिकल्पावरील ग्रंथात सविस्तर मांडले. जानेवारी १९३८ मध्ये कलकत्ता येथे भरलेल्या पहिल्या भारतीय सांख्यिकी परिषदेचे ते अध्यक्ष होते. प्रयोग आटोपल्यावर सांख्यिकाला बोलावणे म्हणजे त्याच्याकडून शवचिकित्सा करवून घेण्यासारखे आहे. प्रयोग कशाने मेला एवढेच फार तर तो सांगू शकेल, अशा आशयाचे त्यांचे प्रसिद्ध उद्‌गार याच परिषदेतील आहेत.

कलकत्त्यातील श्रोत्यांना हा विचार अपरिचित नव्हता. प्रशांतचंद्र महालनोबीस (१८९३–१९७२) यांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने १९३७ पासून बंगालमध्ये तागाच्या पिकाची नमुना पाहणी हाती घेतली होती. एकाच प्रदेशातून दोन स्वतंत्र उपनमुने निवडून ते अन्वेषकांच्या दोन वेगवेगळ्या तुकड्यांकडे सोपवावयाचे आणि दोहोंच्या उत्तरांतील तफावतीवरून माहितीच्या विश्वसनीयतेची कल्पना घ्यावयाची, अशी त्यांची पद्धत होती. अन्वेषक चुकणार, कंटाळणार, क्वचित घरी बसून आकडे भरणार, हे त्यात आधीच गृहीत धरलेले होते. साधारण त्याच काळात सातारा जिल्ह्यातील बुध या गावी जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि वि. गो. पानसे यांनी भारतीय कृषिसंशोधन परिषदेमार्फत पीककापणी-प्रयोगांची पद्धत प्रचारात आणली. गावकामगारांच्या नजर-अंदाजाने ठरणारी पिकाची आणेवारी आणि प्रत्यक्ष कापून, मळून, तोलून काढलेले उत्पन्न, हे दोन वेगळे आकडे असू शकतात, हे त्यामुळे शासकीय व्यवहारात मान्य झाले. १९५० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीमागे या दोन्ही परंपरा होत्या.

कार्यक्रमाच्या लाभहानीचा हिशेब मांडण्याचा भारतातील एक महत्त्वाचा आरंभीचा प्रयत्न महाराष्ट्रातला आहे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे (स्थापना १९३०) संचालक धनंजयराव गाडगीळ (१९०१–७१) यांनी गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभांची पाहणी केली. तिचा अहवाल १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. कालव्याच्या पाणीपट्टीतून सरकारी तिजोरीत किती भर पडली, एवढ्यावरच तोवर पाटबंधाऱ्यांचे यश मोजले जाई. गाडगीळांनी शेतकरी, मजूर, व्यापारी आणि एकूण प्रदेश यांच्या दृष्टीने ते मोजावयाचे ठरविले. परंतु पाहणी सुरू झाली, तेव्हा कालवे वाहू लागून बराच काळ लोटला होता. प्रवरेवरील भंडारदरा धरणच १९२६ मध्ये पुरे झाले होते. पाणी येण्यापूर्वी त्या गावांत कोणाचे किती उत्पन्न होते, हे सांगणारी तपशीलवार माहिती उपलब्ध नसल्याने कालव्याखालील भागाची तुलना कोरडवाहू भागाशी करणे भाग होते. अशा तुलनेचा आधार, पाणी आले नसते तर बागाईत गावे आज कोरडवाहू गावांसारखीच असती, या गृहीतावर उभा असतो. नदीकाठची काळी, खोल जमीन आणि माळरान यांत मुळात फरक असेल, तर ते गृहीत तितकेसे टिकत नाही. ही अडचण पुढे भारतातील जवळजवळ प्रत्येक मूल्यमापनात वेगवेगळ्या रूपांत आलेली दिसते.

कार्यक्रम मूल्यमापन संघटना : २ ऑक्टोबर १९५२ रोजी ५५ प्रकल्पांत सामूहिक विकास कार्यक्रमाचा आरंभ झाला. प्रत्येक प्रकल्पात सुमारे ३०० गावे व दोन लक्ष लोकसंख्या अशी योजना होती. त्याच महिन्यात नियोजन आयोगाने फोर्ड प्रतिष्ठानच्या साहाय्याने कार्यक्रम मूल्यमापन संघटना स्थापन केली. कार्यक्रमाबरोबरच त्याच्या मूल्यमापनाची स्वतंत्र यंत्रणा उभारावी, ही कल्पना त्या काळी अन्य देशांतही विरळाच होती. कार्यक्रम राबविणाऱ्या प्रशासनाच्या हाताखाली ही संघटना ठेवलेली नव्हती, ही विशेष महत्त्वाची गोष्ट. बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले अर्थशास्त्रज्ञ दत्तात्रेय गोपाळ कर्वे (१८९८–१९६७) यांनी आरंभीच्या काळात तिचे संचालकपद सांभाळले. निवडक प्रकल्पांत राहून निरीक्षण करणारे मूल्यमापन अधिकारी नेमण्यात आले आणि दर वर्षी अहवाल प्रसिद्ध होऊ लागले.

या अहवालांची स्पष्टोक्ती आजही वाचनीय आहे. रस्ते, शाळागृहे, विहिरी यांसारखी डोळ्यांना दिसणारी कामे पुढे जात असून लोकांच्या दृष्टिकोनात व्हावयाचा बदल मागे राहिला आहे, लाभ मोठ्या व वजनदार शेतकऱ्यांकडे अधिक वळत आहेत, लोकांचा सहभाग बहुधा श्रमदानाच्या दिवसापुरता आहे, असे निष्कर्ष शासनाच्याच एका संघटनेने काढले. जानेवारी १९५७ मध्ये नेमलेल्या बलवंतराय मेहता समितीसमोर हे अहवाल होते. समितीने त्याच वर्षी नोव्हेंबरात लोकशाही विकेंद्रीकरणाची शिफारस केली; महाराष्ट्रात वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनंतर १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या.

तथापि हे निष्कर्ष मुख्यतः निरीक्षणातून आलेले होते; मोजमापाच्या अंगाने संघटनेची वाट अवघड होती. १९५० नंतरच्या दशकाच्या मध्यास काही प्रकल्पक्षेत्रांत आधार-सर्वेक्षणे झाली. म्हणजे भविष्यातील तुलनेसाठी कुटुंबांची स्थिती नोंदवून ठेवण्यात आली. परंतु तोवर त्या क्षेत्रांत काम सुरू झालेले होते. १९५३ पासून राष्ट्रीय विस्तार सेवाही देशभर झपाट्याने पसरू लागल्याने कार्यक्रमाबाहेरील तुलनायोग्य गटही क्रमशः उरेनात. दोन तारखांमधील पीकउत्पन्नाचा फरक पाहिला, तर त्यात पाऊसमानाचा वाटा किती व ग्रामसेवकाचा किती, हे सांगण्याची सोय राहिली नाही.

१९६०-६१ मध्ये सुरू झालेल्या सधन कृषिजिल्हा कार्यक्रमात अडचणीचे रूप किंचित बदलले. हे जिल्हे पाण्याची हमी, सहकारी संस्थांचे जाळे आणि नैसर्गिक आपत्तींचा अभाव या कसोट्या लावून निवडलेले होते. उत्पादनवाढीच्या दृष्टीने ही निवड शहाणपणाचीच होती. पण मग हे जिल्हे इतरांच्या पुढे गेल्याचे दिसले, तर ते कार्यक्रमामुळे की मूळच्या अनुकूलतेमुळे, हा प्रश्न आकड्यांची कितीही उलथापालथ केली तरी पुरता सुटण्यासारखा नव्हता.

रोजगार हमी योजना : वि. स. पागे यांच्या पुढाकाराने सांगली जिल्ह्यातील तासगाव भागात १९६५ च्या सुमारास झालेल्या प्रयोगातून आणि १९७२-७३ च्या दुष्काळातील अनुभवातून महाराष्ट्राची रोजगार हमी योजना आकारास आली. तिचा अधिनियम १९७७ चा असून तो २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. नियोजन आयोगाची मूल्यमापन संघटना आणि राज्याचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय यांच्या संयुक्त पाहणीचा अहवाल १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. गोखले संस्थेतील कुमुदिनी दांडेकर यांनीही मंजू साठे यांच्यासह याच सुमारास कामांवरील मजुरांची पाहणी केली व कामांवर स्त्रियांचे प्रमाण मोठे असल्याचे दाखविले.

येथे माहितीचा तुटवडा नव्हता. हजेरीपटांवरून दरमहा किती मनुष्यदिवस काम झाले, हे कळत असे. मात्र हजेरीपट कामावर आलेल्यांविषयी बोलतो. काम मागूनही जो परत गेला, किंवा ज्याला कामाचे ठिकाण दूर पडल्याने येता आले नाही, त्याच्याविषयी तो मूक असतो. मजुरांना कामाच्या जागी गाठून प्रश्न विचारणाऱ्या कोणत्याही पाहणीला ही मर्यादा लागू पडते. दुसरा प्रश्न लाभाच्या मोजणीचा. योजनेवर मिळालेली मजुरी ही सगळीच नवी मिळकत मानावी काय? ज्या दिवशी स्त्री खडी फोडावयास गेली, त्या दिवशी तिला शेतावर काही काम मिळाले असते, तर ती बुडालेली मजुरी वजा करावयास हवी. हा हिशेब करावयाचा तर योजनेवर नसलेल्या दिवसांचीही तपशीलवार माहिती हवी. ती सुदैवाने दोन गावांपुरती उपलब्ध होती; कारण इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९७५ पासून सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर व अकोला जिल्ह्यातील कान्झरा येथे तीच ती कुटुंबे वर्षानुवर्षे पाहण्याचा उपक्रम अगदी वेगळ्या हेतूने चालविला होता. तिच्या आधारे गौरव दत्त व मार्टिन रॅव्हॅलियन यांनी १९९४ मध्ये दाखविले, की बुडालेल्या मिळकतीचे प्रमाण योजनेवरील मजुरीच्या सुमारे चतुर्थांश होते. म्हणजे निव्वळ लाभ हजेरीपटावरील रकमेपेक्षा कमी खरा, पण टीकाकार समजत होते तितका अल्प नव्हे.

१९८८ मध्ये किमान वेतनाबरोबर योजनेवरील मजुरीचा दर दुपटीच्या आसपास वाढला आणि पाठोपाठ हजेरीत लक्षणीय घट झाली. पाऊस बरा झाल्यामुळे मजुरांची मागणी घटली, असे एक स्पष्टीकरण. खर्च आवाक्यात ठेवण्यासाठी कामेच कमी काढली, असे दुसरे. दोन्ही स्पष्टीकरणांत हजेरीपट सारखाच दिसतो. अनेक वर्षांच्या मासिक हजेरीचा ऋतुमानाशी संबंध आधी प्रस्थापित करून नंतरच्या अभ्यासकांनी दुसऱ्या स्पष्टीकरणाच्या बाजूने पुरावा मांडला. काम मागणाऱ्याचे नाव व तारीख नोंदण्याची नियमित रीत असती, तर हा प्रश्न साध्या बेरीज-वजाबाकीने सुटला असता.

दारिद्र्यरेषा ओलांडण्याचा हिशेब : विश्लेषणाच्या व्याख्या आधी न ठरविल्याने काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम. १९७८-७९ मध्ये निवडक गटांत सुरू झालेला हा कार्यक्रम २ ऑक्टोबर १९८० पासून देशातील सर्व विकास गटांत लागू झाला. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला दुभते जनावर, शेळ्या, शिवणयंत्र, बैलगाडी यांसारखे उत्पन्नाचे साधन बँकेचे कर्ज व शासनाचे अनुदान यांतून मिळवून द्यावयाचे आणि त्याच्या बळावर त्याने दारिद्र्यरेषा ओलांडावी, अशी त्यामागील कल्पना होती. अनुदानाचे प्रमाण लहान शेतकऱ्यास २५ टक्के, अत्यल्प भूधारक व मजुरास ३३ १/३ टक्के आणि आदिवासींना ५० टक्के असे होते. सहाव्या पंचवार्षिक योजनेत दर गटात वर्षाला ६०० याप्रमाणे देशभरात दीड कोटी कुटुंबांचे लक्ष्य ठरविण्यात आले.

१९८४-८५ च्या सुमारास रिझर्व्ह बँक, राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँक, मद्रासची एक संशोधनसंस्था आणि स्वतः मूल्यमापन संघटना अशा चौघांच्या पाहण्या प्रसिद्ध झाल्या. किती कुटुंबांनी रेषा ओलांडली, याविषयी त्यांच्यात मोठी तफावत होती. मूल्यमापन संघटनेच्या मते हे प्रमाण जवळजवळ निम्मे होते. इतर काहींचे आकडे त्याहून पुष्कळच कमी. गोखले संस्थेचे नीळकंठ रथ यांनी फेब्रुवारी १९८५ मध्ये मुंबईहून निघणाऱ्या इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली या नियतकालिकातील लेखात या पाहण्यांची छाननी केली आणि सात वर्षांच्या प्रयत्नांनंतर ग्रामीण गरीब कुटुंबांपैकी सुमारे तीन टक्केच या मार्गाने दारिद्र्याबाहेर येतील, असा हिशेब मांडला. त्यावर बराच वाद झाला.

एवढा फरक पडला कसा? कोणी खोटे आकडे लिहिले, असे समजण्याचे कारण नाही. केवळ स्पष्टीकरणासाठी एक उदाहरण घेऊ. समजा, १९८० मध्ये एका कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ३,००० रुपये होते व म्हैस मिळाल्यानंतर चार वर्षांनी ते ४,२०० रुपये झाले. सहाव्या योजनेत दारिद्र्यरेषा वर्षाला ३,५०० रुपये अशी धरलेली होती. तिच्याशी ताडून पाहता कुटुंब रेषेवर गेले. परंतु मधल्या काळात किमती वाढल्या; सातव्या योजनेसाठी हीच रेषा ६,४०० रुपये ठरविण्यात आली. तिच्याशी ताडता कुटुंब रेषेच्या पुष्कळ खाली आहे. दुधाच्या एकूण विक्रीला उत्पन्न मानले, की पेंड व चारा यांचा खर्च वजा केला? कर्जाचा हप्ता वजा केला काय? म्हैस भाकड असताना पाहणी झाली, की दुभती असताना? ती पाहणीच्या दिवशी गोठ्यात होती काय, की विकली वा मेली होती. आणि तसे असल्यास हे कुटुंब हिशेबात राहिले, की ‘माहिती अनुपलब्ध’ म्हणून गळाले? ज्याचे उत्पन्न मुळातच ३,५०० रुपयांवर होते व ज्याचे नाव चुकून वा वजन वापरून यादीत आले, त्याने ‘रेषा ओलांडली’ असे म्हणावयाचे काय? यांतील प्रत्येक प्रश्नाला एकाहून अधिक समर्थनीय उत्तरे आहेत. पण पाहणीगणिक ती बदलली, तर चार अहवाल चार वेगवेगळ्या कार्यक्रमांविषयी असल्यासारखे वाटतात.

पूर्वस्थितीची माहिती तर अधिकच डळमळीत होती. लाभार्थी निवडताना भरलेल्या अर्जातील उत्पन्न हाच बहुधा एकमेव आधार. आणि उत्पन्न कमी सांगितले तरच लाभ मिळणार, हे अर्ज भरणारा व भरून घेणारा दोघेही जाणत होते. पुढे पाहणी करणाऱ्यास तेच कुटुंब खरे उत्पन्न सांगे, आणि या दोन कथनांतील अंतर कार्यक्रमाच्या खात्यात जमा होई. ज्यांना साहाय्य मिळाले नाही, अशा शेजारच्या गरीब कुटुंबांचा गट सोबत पाहिला असता, तर दुष्काळसुकाळाचा व सर्वसाधारण मजुरीवाढीचा परिणाम वेगळा काढता आला असता. परंतु बहुतेक पाहण्या लाभार्थ्यांपुरत्याच राहिल्या.

या अनुभवाचा एक चांगला परिणाम झाला. ऑक्टोबर १९८५ पासून देशभर एकच प्रश्नावली व समान व्याख्या घेऊन समवर्ती मूल्यमापन सुरू झाले. दरमहा ३६ जिल्ह्यांत संशोधनसंस्थांमार्फत पाहणी होऊ लागली. जुन्या व सुधारित अशा दोन्ही रेषांवर आकडे देण्याची प्रथा पडली. त्यामुळे १९९२-९३ च्या फेरीत ६,४०० रुपयांची जुनी रेषा ओलांडणारी कुटुंबे निम्म्याहून किंचित अधिक, तर ११,००० रुपयांची नवी रेषा ओलांडणारी सुमारे १५ टक्के, असे दोन आकडे शेजारी शेजारी प्रसिद्ध झाले. भाषणांत यांपैकी कोणता आकडा उद्‌धृत झाला असेल, हे सांगावयास नको. १ एप्रिल १९९९ रोजी हा कार्यक्रम स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजनेत विलीन झाला.

आरोग्यक्षेत्रातील प्रयोग : ग्रामविकासात जे साधले नाही, ते रोगप्रतिबंधाच्या क्षेत्रात काही अंशी साधले, कारण वैद्यकात तुलनागटाची परंपरा आधीपासून होती. तमिळनाडूतील चिंगलपुट जिल्ह्यात १९६८ पासून बीसीजी लशीची परीक्षा घेण्यात आली. सुमारे ३ लक्ष ६० हजार लोकांची नोंद झालेल्या या उपक्रमात कोणाला लस द्यावयाची व कोणाला निष्प्रभ द्रव, हे यादृच्छिक रीतीने ठरले. टोचणाऱ्यास व टोचून घेणाऱ्यास ते ठाऊक नसे. क्षयरोगी कोणास म्हणावे, म्हणजे थुंकीच्या तपासणीत जंतू कोणत्या रीतीने सिद्ध व्हावयास हवेत, हेही आधीच निश्चित होते. साडेसात वर्षांच्या निरीक्षणानंतर १९७९ मध्ये निष्कर्ष बाहेर आला : मोठ्या माणसांच्या फुफ्फुसाच्या क्षयापासून या लशीने संरक्षण मिळाले नाही. लस तयार करणारे, ती देणारे व परीक्षा घेणारे, कोणाचीच ही अपेक्षा नव्हती. तज्ञांच्या गटांनी आराखडा तपासला व तो निर्दोष मानला, म्हणून हा अप्रिय निष्कर्ष स्वीकारावा लागला. पंधरा वर्षांच्या निरीक्षणाचा १९९९ मधील अहवालही प्रौढांबाबत त्याच दिशेचा होता. (बालकांमधील मेंदूच्या आवरणाचा व सर्वांगात पसरणारा क्षय यांपासून ही लस संरक्षण देते, असे अन्य अभ्यासांवरून दिसत असल्याने अर्भकांना ती देण्याचा प्रघात कायम राहिला.)

गडचिरोली जिल्ह्यात अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने नवजात अर्भकांच्या घरगुती शुश्रूषेचा प्रयोग केला. ३९ गावांत गावातील स्त्रियांना प्रशिक्षण देऊन ही सेवा दिली. ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. सेवा सुरू करण्यापूर्वी, १९९३ ते ९५ अशी दोन वर्षे, दोन्ही भागांतील जन्ममृत्यूंची नोंद करण्यात आली. हा विलंब समजण्यासारखा आहे. नोंदणी कच्ची असेल, तर मेलेली अर्भके हिशेबातच येत नाहीत व मृत्युमान कमी दिसते. आणि कार्यक्रमामुळे फक्त एका भागातील नोंदणी सुधारली, तर तेथे मृत्यू वाढल्याचा आभास होऊन चांगला कार्यक्रम अपयशी ठरतो. म्हणून दोन्ही भागांत मृत्यू मोजण्याची रीत एकच असणे निर्णायक होते. तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युमानात ६२ टक्के घट झाल्याचे १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. २००१ च्या ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने राज्यातील बालमृत्यूंच्या शासकीय नोंदी कशा अपुऱ्या आहेत, हेही पुढे आणले. नवजातांच्या घरगुती शुश्रूषेची ही पद्धत आशा सेविकांमार्फत देशभर नेण्याचे धोरण २०११ मध्ये स्वीकारण्यात आले.

काही कुटुंबांना मुद्दाम वंचित ठेवून त्यांच्याकडे तुलनेसाठी पाहावे काय, हा आक्षेप अशा सर्व प्रयोगांवर घेतला जातो व तो क्षुल्लक नाही. मुंबई व बडोदा येथील महापालिका शाळांत २००१ ते ०३ या काळात ‘प्रथम’ संस्थेच्या बालसखी उपक्रमाची परीक्षा घेताना त्यावर एक सोपी तोड निघाली. काही शाळांत एका इयत्तेला बालसखी दिली, उरलेल्या शाळांत लगतच्या इयत्तेला. कोणतीही शाळा रिकाम्या हाताने परतली नाही आणि प्रत्येक इयत्तेला दुसऱ्या शाळांतील तीच इयत्ता तुलनेसाठी मिळाली. ही परीक्षा घेणाऱ्यांपैकी अभिजित बॅनर्जी व एस्तेर द्यूफ्लो यांना मायकेल क्रेमर यांच्यासह २०१९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल स्मृती पारितोषिक मिळाले.

पूर्वनोंदणी : आराखडा आधी केला, एवढ्याने भागत नाही, तो आधीच केला होता, हे इतरांना पडताळता आले पाहिजे, हा विचार एकविसाव्या शतकात बळावला. पन्नास राशी मोजल्या, तर त्यांपैकी दोन-तीन केवळ योगायोगाने अनुकूल दिसणारच. अहवालात तेवढ्याच ठेवल्या, तर वाचकास ते कळण्याचा मार्ग नसतो. औषधांच्या परीक्षांसाठी भारतीय नोंदणीवही २० जुलै २००७ रोजी सुरू झाली व १५ जून २००९ पासून नोंदणी सक्तीची झाली. अमेरिकन अर्थशास्त्र संघटनेने सामाजिक प्रयोगांसाठी अशी नोंदणी २०१३ मध्ये सुरू केली. शासकीय योजनांच्या नेहमीच्या मूल्यमापनांना मात्र अशी सक्ती लागू झालेली नाही. आराखडा अगदी घट्ट बांधला, तर पाहणीत अनपेक्षितपणे हाती आलेले काही महत्त्वाचे निसटते, असाही एक रास्त आक्षेप आहे. त्यावर, आधी ठरविलेले व मागाहून सुचलेले विश्लेषण अहवालात वेगळे दाखवावे, असा मार्ग सामान्यतः स्वीकारला जातो.

नियोजन आयोगाची जागा १ जानेवारी २०१५ रोजी नीती आयोगाने घेतली. त्याच वर्षी जुनी कार्यक्रम मूल्यमापन संघटना आणि अलीकडे स्थापन झालेले स्वतंत्र मूल्यमापन कार्यालय यांचे एकत्रीकरण करून विकास देखरेख व मूल्यमापन कार्यालय निर्माण करण्यात आले. देखरेख आणि मूल्यमापन ही दोन्ही कामे त्यामुळे एका छताखाली आली.

दरम्यान महाराष्ट्राच्या रोजगार हमीची कल्पना २००५ च्या केंद्रीय अधिनियमाने देशव्यापी झाली होती. २ फेब्रुवारी २००६ रोजी २०० जिल्ह्यांत, २००७ मध्ये आणखी १३० जिल्ह्यांत व १ एप्रिल २००८ पासून उर्वरित ग्रामीण जिल्ह्यांत ती लागू झाली. टप्पे पाडण्यामागे प्रशासकीय सोय होती, तुलना नव्हे. आणि पहिल्या टप्प्यासाठी जिल्हे मागासलेपणाच्या क्रमाने घेतलेले होते. तरीही मजुरीचे दर व स्थलांतर यांवर योजनेचा काय परिणाम झाला, हे शोधू पाहणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांनी पुढील अनेक वर्षे या टप्प्यांमधील सुमारे दोन वर्षांच्या अंतराचाच आधार घेतला; कारण एप्रिल २००८ नंतर तुलनेसाठी एकही ग्रामीण जिल्हा योजनेबाहेर उरला नव्हता.